सात वाजताचे पक्षी

आमच्या मंडळाचा एक नियम होता. दरवर्षी सव्वीस जानेवारीला सकाळी सात वाजता कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी उभं राहायचं, किनाऱ्यावरचे पक्षी मोजायचे आणि आठ वाजता मोजणं बंद करायचं. आठ वाजून एक मिनिटाने एखादा गरुड अध्यक्षांच्या टोपीवर येऊन बसला, तरी तो पुढच्या वर्षीचा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तिथे पुण्याच्या चाळीस गाड्या उभ्या राहतील, आणि त्यातल्या निम्म्या आमच्याच ओळखीच्या असतील.

नियम आमच्या ह्यांचा. घरात मी 'अहो' म्हणते, इथे माधवराव म्हणते, म्हणजे घोटाळा नको. माधवरावांनी सरकारच्या सांख्यिकी खात्यात तीस वर्षं काढली. त्यांचं म्हणणं असं की तुलना करायची तर तारीख तीच हवी, वेळ तीच हवी, जागा तीच हवी आणि मोजणारे डोळेही तेच हवेत. हे ऐकायला इतकं शास्त्रीय वाटायचं की एकोणीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. म्हणजे एकीने घेतली होती, पण ते पुढे सांगते.

तारीख सव्वीस जानेवारी, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. वेळ सातची, कारण माधवरावांना सात वाजता उभं राहिल्याशिवाय कुठलीच गोष्ट अधिकृत वाटत नाही. पंचवीसला दुपारी कर्वेनगरहून निघायचं, मुक्काम यमुनाबाईंच्या घरी करायचा, आणि सव्वीसला झेंडावंदन करून परत यायचं. यमुनाबाईंचं घर खाडीच्या अगदी काठावर. नवरा मासेमारी करायचा, आणि आमच्यासारख्यांना जेवूखाऊ घालणं हा बाईंचा जोडधंदा.

१९८८ साली पहिल्या मोजणीत सहाशे बारा पक्षी भरले. चिखल्या, तुतवार, कुरव, सगळे मिळून. त्यानंतर आकडे वर-खाली व्हायला लागले, आणि माधवरावांच्या डोक्यात एक सिद्धांत आकार घेऊ लागला. १९९१ला पाचशे चौऱ्याऐंशी: देशाकडे परकीय चलन नाही, पेट्रोलची बोंब, त्यामुळे किनारा शांत. १९९३ला सत्त्याण्णव: अर्थव्यवस्थेची दारं उघडली आणि पक्षी उडाले. १९९७ला अठ्ठ्याऐंशी: परदेशी गाड्या रस्त्यावर आल्या. १९९९ला एकदम सहाशे तीन. इथे ते दोन दिवस अडले होते. मग त्यांना सुचलं की सगळे संगणकवाले त्या वर्षी वाय-टू-केच्या कामात ऑफिसात अडकले होते, किनाऱ्यावर जायला फुरसत कुणाला होती? २००३ला अमेरिकेत मंदी, पक्षी पाचशे एकाहत्तर. २००५ला पुन्हा भरभराट, पक्षी एक्क्याण्णव.

आलेख आमच्या मुलाने काढून दिला. केयूर हिंजवडीला एका कंपनीत आहे. एका रेषेवर आयटीची भरभराट, दुसऱ्या रेषेवर पक्षी. एक वर गेली की दुसरी खाली. आयटीमुळे पक्षी मरतात हे आयटीतल्या पोराने आयटी कंपनीच्या लॅपटॉपवर सिद्ध केलं, तेही कंपनीच्या वेळात.

"बाबा, कोरिलेशन मस्त आहे," तो म्हणाला. "पण कॉजेशन वेगळं असतं हां."

"मराठीत बोल," माधवराव म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला.

या सगळ्याची एक पुस्तिका झाली, 'मोकळा बाजार आणि ओस किनारा'. पाचशे प्रती छापून २००७च्या वीस जानेवारीला आमच्या पुढच्या खोलीत गठ्ठ्यांनी येऊन पडल्या. चार फेब्रुवारीच्या रविवारी प्रकाशन ठरलं. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत भाकीत होतं: सध्याची तेजी पाहता यंदाच्या मोजणीत पक्ष्यांची संख्या साठच्या आत येईल. मी म्हटलं, मोजणी झाल्यावर छापा ना. ते म्हणाले, त्याला भाकीत म्हणत नाहीत.

आता माझं सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. मंडळात माझं स्थान 'सौ. सुद्धा येतात' एवढंच. सगळी मंडळी सकाळी दुर्बिणी घेऊन गेली की मी यमुनाबाईंच्या पडवीत थांबायचे. पडवीत एक दिवा रात्रभर जळायचा, आणि सकाळी चुन्याच्या भिंतीवर पतंग बसलेले असायचे. रात्रीचे ते पतंग, फुलपाखरांचे गरीब नातेवाईक म्हणा. ते सकाळी हलत नाहीत. चित्र काढायला असं मॉडेल मिळणं म्हणजे भाग्यच; शाळेतली मुलं एक मिनिट स्थिर बसली असतील तर शपथ. मी त्यांची चित्रं काढायला लागले, मग ते मोजायला लागले. शास्त्रीय नावं माहीत नव्हती, म्हणून मीच नावं ठेवली. एकाचं नाव इस्त्रीवाला, एकीचं नऊवारी. एक करडा, जाडजूड, कायम भिंतीच्या मध्यभागी बसणारा. त्याचं नाव अध्यक्ष.

पुण्यात परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या जिन्यातही हाच उद्योग सुरू केला. झाडणारी बाई यायच्या आधी, सहाला, वही घेऊन जिना उतरायचा. दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की पौर्णिमेच्या आसपास भिंत रिकामी असते आणि अमावास्येला भरलेली. चांदणं असलं की ते दिव्याकडे कमी येतात. म्हणून मी वहीत तारखेखाली तिथी लिहायला लागले. माधवराव कडक बुद्धिवादी. आमच्या घरात पंचांग नाही. माझी चतुर्थी मी स्वयंपाकघरात, फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला टांगलेल्या दिनदर्शिकेवरून करते. माझ्या वहीतल्या तिथ्या त्यांनी एकदा बघितल्या होत्या. "मुहूर्त बघून किडे मोजतेस का?" एवढंच म्हणाले.

१९९०ची गोष्ट. त्या वर्षी मंडळी दीडेकशे पक्षी मोजून तोंड पाडून आली. मी यमुनाबाईंबरोबर चुलीपाशी बसले होते. त्या म्हणाल्या, "वयनी, पाखरं गेली नायत कुठं. आज आवस. पाणी पार लांब गेलंय, त्याच्यामागनं पाखरं गेली चिखलात, तिकडं टोकाला. दुर्बिणीतनं काय दिसणार? भरतीला या. भरतीला चिखल बुडतो, मग समदी आमच्या दारापुढच्या वाळूवर येऊन गर्दी करतात. बसल्या जागी मोजा."

मी विचारलं, भरती कधी येते हे कसं कळतं? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थी असली तर तीनला भरती आणि नऊला ओहोटी. कोकणातल्या शेंबड्या पोराला येतं ते आमच्या सांख्यिकी खात्याला माहीत नव्हतं. तारीख तीच, वेळ तीच, जागा तीच. फक्त समुद्र तोच नव्हता. ज्या वर्षी सव्वीस जानेवारीला अष्टमी-दशमी पडेल त्या वर्षी सात वाजता पाणी दारात आणि पक्षी सहाशे. ज्या वर्षी तृतीया-चतुर्थी, त्या वर्षी नुसता चिखल.

पुण्यात परत आल्यावर मंडळाच्या फेब्रुवारीच्या सभेत मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच सभेत बोलले. म्हटलं, वेळ तिथीप्रमाणे ठरवायला हवी. पुढचं वाक्य बोलायच्या आत माधवराव हसून म्हणाले, "पंचांग घरी ठेवून यावं ही विनंती. हे पक्षी-मंडळ आहे, भजनी-मंडळ नव्हे." वीस माणसं हसली. मी खाली बसले, आणि भरती हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

त्यानंतर मी सतरा वर्षं गप्प बसले. लोक याला सोशिकपणा म्हणतील, पण तसं काही नव्हतं. मला मजा येत होती. दरवर्षी पंचवीस तारखेला मी फडताळ उघडून तिथी बघायचे, पाऊणपट करायचे, आणि यंदा किती पक्षी येणार ते मनात धरायचे. दुसऱ्या दिवशी ते मोजून आले की मी चहा देता देता विचारायचे, "किती?" माझा अंदाज फार चुकत नसे. मग ते बजेट, मंदी, तेजी, मोबाइल यांचा हिशेब मांडत बसत, आणि मी चहात साखर पुरेशी आहे का ते विचारत असे. एवढं स्वस्त सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

२००७ला पंचवीस जानेवारीला रथसप्तमी होती. निघण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे गॅलरीत दूध उतू घातलं आणि एकदम आठवलं. १९८८ला, पहिल्या मोजणीला निघतानाही मी रथसप्तमीचं दूध उतू घालूनच निघाले होते. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र येतात, हे वाढदिवसांमुळे कुठल्याही बाईला माहीत असतं. म्हणजे उद्या अष्टमी, भरती सहाला. पुढच्या खोलीत साठच्या आतल्या भाकिताचे पाचशे गठ्ठे... नाही, पाचशे प्रती. पण त्या क्षणी मला ते गठ्ठेच वाटले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी दुधाचं भांडं घासायला टाकलं.

सव्वीसला सात वाजता यमुनाबाईंच्या दारापुढच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. बारीक, करडे, पांढरे, एका पायावर उभे, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. पडवीतून मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. मंडळाची पोरं आनंदाने वेडी झाली. फक्त एक माणूस दुर्बीण डोळ्यांना लावून मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. पक्षी जिवंत आहेत याचं एवढं दुःख झालेला पक्षीमित्र मी तरी दुसरा पाहिला नाही. आठ वाजता त्यांनी वहीत आकडा लिहिला: सहाशे अठरा.

या वेळी मी "किती?" असं विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर अध्यक्ष हिंमतराव त्यांची समजूत घालत होते. हे खरे अध्यक्ष, भिंतीवरचे नव्हेत. मूळचे वाशिमचे, भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मनाने फार चांगले. "शेवटचं पान फाडून टाकू ना जी," ते म्हणाले. "आकडे कोण बघते? हॉल ठरला, लाडवांची ऑर्डर गेली." माधवरावांनी मांडीवरचं रजिस्टर पुन्हा उघडलं.

पुढचे चार दिवस ते रजिस्टर उघडून बसले होते. मला वाटलं होतं की मंदीचं नाहीतर तेजीचं एखादं नवं कारण सापडेल आणि गाडी पुढे जाईल. पण ते कारण शोधतच नव्हते, चूक शोधत होते, आणि तीही स्वतःची. पक्षी उठून पुन्हा बसले असतील आणि दोनदा मोजले गेले असतील का? दहादहाचे गट धरताना चुकलं का? गेल्या दिवाळीत उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एकदा मी खोलीत गेले तर ते डावा डोळा हाताने झाकून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत होते. मग उजवा झाकून पुन्हा मोजल्या.

तीस तारखेला सकाळी त्यांनी मला हाक मारली. समोर रजिस्टर, हातात लाल पेन. "वासंती, जरा बस. मी यंदाचा आकडा रद्द करतो आहे. शेरा लिहितो, निरीक्षकाची दृष्टी विश्वासार्ह नाही. आणि मोजणीचं काम सोडतो. डोळे गेले की माणसाने थांबावं."

हे ते अगदी कोरडेपणाने म्हणाले. मग पेनाचं टोपण काढलं. या माणसाने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. साहेबाने सांगितलं तरी लिहिला नव्हता, म्हणून दोन बढत्या गेल्या होत्या. आणि आता त्यांच्या वहीतला सगळ्यात खरा आकडा ते स्वतःच्या हाताने खोडायला निघाले होते. माझी सतरा वर्षांची मजा त्या लाल पेनाच्या टोकाशी येऊन उभी होती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"खोडू नका," मी म्हटलं. "पक्षी सहाशेच होते. मी पडवीतून पाहिले."

मग मी कपाटातून माझ्या पतंगांच्या वह्या काढल्या, वीसच्या वीस, आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. प्रत्येक वहीत सव्वीस जानेवारीचं पान उघडून दिलं. पहिल्या वहीतली तिथी मागाहून घातलेली होती. पाऊणपट कशी करायची ते सांगितलं. त्यांनी रजिस्टर पहिल्या पानावर उघडलं. कोरा कागद घेतला, तीन रकाने आखले आणि लिहायला लागले. साल, तिथी, पक्षी. दोन तास लागले. मधे मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. इतका सुंदर तक्ता त्यांनी नोकरीतसुद्धा केला नसेल. अष्टमी, नवमी, दशमी, एकादशी या सगळ्या पाचशे-सहाशेच्या घरात. तृतीया, चतुर्थी शंभराच्या खाली. तेजीमंदीला त्यात कुठेच जागा नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"नव्वदपासून."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. सभेत. तुम्ही म्हणालात, भजनी-मंडळ नव्हे."

ते आठवत राहिले. आठवलं, हे मला त्यांच्या कानांच्या लाल होणाऱ्या पाळ्यांवरून कळलं. मला वाटलं आता क्षमा मागतील. सतरा वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होते, त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, आणि ते चांगलं खोचक होतं.

"पुन्हा एकदा सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी मूर्ख होतो, पण रोज काही नव्हतो."

ठरवलेलं वाक्य वाया गेलं. कारण हे खरं होतं. एकदा सांगून ऐकलं नाही हा त्यांचा दोष. सतरा वेळा चहा देऊन सांगितलं नाही हा माझा. मी गार झालेला कप उचलला आणि आत गेले. आत जाऊन रडले, हेही सांगून टाकते.

दुपारी त्यांनी हिंमतरावांना फोन करून सांगितलं की प्रकाशन होईल, प्रतीही त्याच वाटल्या जातील, पान एकही फाटणार नाही. मात्र प्रत्येक प्रतीत पहिल्याच पानावर शुद्धिपत्र चिकटवलं जाईल. हिंमतराव पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलत होते. "लाडू राहू द्या," माधवराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग केयूरला बोलावलं. त्याने लॅपटॉपवर भरतीची जुनी कोष्टकं शोधली, वर्षवार पडताळली आणि म्हणाला, "आई, तुझा फॉर्म्युला सॉलिड आहे गं. अर्ध्या-पाऊण तासाचा एरर, बास."

"यमुनाबाईंचा," मी म्हटलं.

संध्याकाळी माधवराव शुद्धिपत्राचा मजकूर लिहायला बसले, मी शेजारी मैद्याची खळ ढवळत होते. ते लिहीत होते आणि वाचून दाखवत होते. "या पुस्तिकेतील सर्व आकडे बरोबर आहेत. सर्व निष्कर्ष चूक आहेत. मोजणीच्या वेळी भरती आहे की ओहोटी, याचा विचार लेखकाने केला नाही. लेखक पंचांग पाहत नसे. ही चूक श्रीमती यमुनाबाई यांच्या सांगण्यावरून सौ. वासंती यांनी १९९० सालीच मंडळाच्या सभेत लक्षात आणून दिली होती. लेखकाने त्यांचे म्हणणे पुरते ऐकून न घेता त्यांची चेष्टा केली." इथे ते थांबले. "ठीक आहे?"

ठीकच होतं. पाचशे प्रतींत माझं नाव, भर सभेतल्या चेष्टेची भर सभेत भरपाई. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण खोडायला निघालेलं लाल पेन माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"आणखी एक वाक्य घाला," मी म्हटलं. "त्यानंतर सतरा वर्षे सौ. वासंती जाणूनबुजून गप्प राहिल्या."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. म्हणतील, असू दे वासंती, त्याची काही गरज नाही. संसाराला पस्तीस वर्षं झाली की माणूस एवढी अपेक्षा ठेवतोच.

माधवरावांनी चष्मा नीट केला, बोटांवर वर्षं मोजली, आणि म्हणाले, "सोळा वर्षे अकरा महिने. सभा फेब्रुवारीत होती." आणि तसं लिहून घेतलं.